विळा छाप लेझीम

आमच्या घराण्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी उंब्रजला हायस्कुलात मराठी शिकवते, आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला इतिहास आपोआप सुचतो असं माझ्या धाकट्या भावाचं मत आहे. माझं माहेर कडेगावच्या पुढं. तिथं आमचा लेझमी बनवायचा कारखाना आहे. कारखाना हा शब्दही भावाचाच. आई अजून भट्टीच म्हणते, आणि खरं सांगायचं तर ती भट्टीच आहे. पुढं पत्र्याची शेड वाढली आणि एक कॉम्प्युटर आला, एवढंच.

लेझीम काय असते ते मराठी माणसाला सांगायला नको. लाकडी दांडा, त्याला साखळी, साखळीत लोखंडी चकत्या. शाळेत पंधरा ऑगस्टला सगळ्यांनी दंड दुखेपर्यंत ती हलवलेली असते आणि घरी आल्यावर कधी एकदा पोहे मिळतात असं झालेलं असतं. म्हणूनच आमचं सगळं घोडं एका प्रश्नावर अडलं होतं. लेझीम हे वाद्य आहे की खेळाचं साहित्य?

जगाच्या दृष्टीनं हा प्रश्नच नाही. आम्हाला शाळांकडून मागणी येते ती डंबेल्स, दोरीउड्यांच्या दोऱ्या आणि कबड्डीच्या गुडघेपट्ट्या यांच्या रांगेत. सांगलीतला आमचा व्यापारी लेझमी ठेवतो व्हॉलीबॉलच्या जाळीखाली. विट्याकडची सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी परमुलखात गणपती बसवतात, ती आमच्याकडून पोत्यानं माल नेतात, तीसुद्धा म्हणतात, 'पोरांना जरा व्यायाम होतो.' हे ऐकलं की आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, चेहरा उतरायचा. चकती भट्टीतून निघाली की आबा ती दोऱ्याला टांगून कानाशी वाजवतात. आवाज बसका आला तर परत ऐरणीवर. आई म्हणते, हा माणूस चकत्यांना तब्येत विचारतो, मला कधी विचारली नाही.

सांगलीत एक संस्था दरवर्षी वाद्यकारांचं प्रदर्शन भरवते. सतारवाले येतात, तंबोरेवाले येतात, पेटीवाले येतात, सनईवाले येतात. पांढऱ्या गाद्यांवर बसतात. आबांना त्या रांगेत एकदा बसायचं होतं. बस, एवढंच. बंगला नको, गाडी नको, चारधाम नको. ते दरवर्षी अर्ज करायचे आणि दरवर्षी उत्तर यायचं की लेझीम हा प्रकार क्रीडा साहित्यात मोडत असल्यानं दिलगीर आहोत. आबा चिडायचे नाहीत, चिडण्याचं खातं घरात माझ्याकडं आहे. ते फक्त म्हणायचे, "घुंगरू वाद्य, टाळ वाद्य, चिपळ्या वाद्य. मग माझ्या लेझमीनंच काय घोडं मारलंय?"

आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरायचे.

यंदा भावानं वेगळी शक्कल लढवली. त्याचं म्हणणं पडलं की आपला माल चांगला आहे, पण आपल्याला 'स्टोरी' नाही. सतारवाल्यांना पाच पिढ्या असतात, गुरू असतात, दृष्टांत असतात. आपल्याला काय आहे? त्यानं पुण्याची एक मुलगी गाठली. ती लोकांना बोधचिन्हं करून देते आणि बरोबर इतिहासही पुरवते. जोडीनं घेतलं तर परवडतं म्हणे. तिनं विचारलं, तुमच्या सध्याच्या चिन्हाचा उगम काय? भावानं ते काम माझ्याकडं ढकललं.

मी लिहिला की उगम! इमानानं, एक पानभर. आता तोच इथं सांगते.

आमचा आज्जा लोहार. विळे, खुरपी, कोयते, नांगराचे फाळ, यावर संसार. बाजारात चार लोहारांचा माल शेजारी-शेजारी मांडलेला असायचा, म्हणून ओळख पटावी याकरता त्यानं एक ठसा करून घेतला होता. ठशात काय, तर विळा. विळ्यावर विळ्याचाच ठसा. आज्जाची कल्पनाशक्ती बेताची होती. एकदा यात्रेच्या तोंडावर तालमीतल्या पोरांची लेझीम तुटली, ती त्याच्याकडं आली. त्यानं साखळी सांधली, चार चकत्या नव्या ठोकल्या, आणि हाताच्या सवयीनं त्या चकत्यांवरही विळा उमटवला. यात्रेत पोरांच्या लेझमीचा आवाज वेशीपर्यंत गेला असं म्हणतात. शेजारच्या गावानं विचारलं, कुठली रं ही? पोरं म्हणाली, विळा छाप. झाला आमचा उगम. ना दृष्टांत, ना गुरू, ना कुणा राजानं दिलेलं सोन्याचं कडं.

विळा आबांच्या काळापर्यंत सुखानं चालला. मग एका निवडणुकीत घोळ झाला. विळा एका पक्षाच्या चिन्हात असतो, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण एका शाळेच्या हेडमास्तरांच्या ध्यानात आलं, आणि तेही आचारसंहितेत, शिक्षण खात्याचे साहेब लेझीम बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी. मास्तर घाबरला. त्यानं पोरांना बसवून झाडून सगळ्या चकत्यांवर चिकटपट्टी लावून घेतली. आता चकतीला चिकटपट्टी लावल्यावर ती काय वाजणार, कप्पाळ? दुसऱ्या दिवशी शंभरेक पोरं मैदानात उड्या मारत होती आणि आवाज येत होता तो घोंगडं झटकल्यासारखा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पालकांनी फोटो काढले, मास्तरांना शाबासकी मिळाली. आबा कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे होते. लेझीम मुकी झाली हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, हे त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि न जेवता झोपले. मी तेव्हा कॉलेजात होते. मला ती गोष्ट इतकी विनोदी वाटली की मी मैत्रिणींना सांगत सुटले.

पण विळा तर घालवायला हवा होता. नवा ठसा करायचा म्हणजे खर्च, आणि आमच्याकडं वस्तू टाकायची पद्धत नाही. आबांनी कानस घेतली आणि ठशातल्या विळ्याची मूठ घासून टाकली. विळ्याची मूठ काढली की चंद्र होतो. बघा कधी करून. अशी आमची विळा छाप लेझीम चंद्र छाप झाली.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण भाऊ हाताशी आला आणि त्याला नुसता चंद्र उघडा वाटायला लागला. शोभेला म्हणून त्यानं पुढं एक चांदणी घालून घेतली. हौसेला मोल नाही आणि अक्कल तर नाहीच नाही. पहिलाच माल गेला तो माजी सैनिकांच्या गावात, जिथं घरटी एक माणूस फौजेत. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांनी चकती चष्म्याजवळ नेऊन बघितली आणि फोन लावला. सुभेदार आवाज न चढवता बोलले. त्यांनी एवढंच विचारलं, की ज्या निशाणासमोर आमी उमेदीची वर्षं बर्फात बसून काढली, ते निशाण तू माझ्या नातवाच्या हातात का देतोयस? भाऊ सबंध दिवस कुणाचा फोन उचलेना. मग पुन्हा कानस. चांदणीची टोकं घासून-घासून तिचं गोल टिंब केलं. चंद्र आणि टिंब. काही दिवस लोक म्हणायचे, हा डोळा कसला?

आणि मग काळानं आमच्यावर कृपा केली. पोरी कपाळाला चंद्रकोर लावायला लागल्या, पोरं मोटारसायकलीवर चंद्रकोर काढायला लागली, आणि आमचं चंद्र-टिंब न हलता-डुलता परंपरा होऊन बसलं. करायला गेलो मारुती आणि झाला गणपती, असं उलटं आमच्याच बाबतीत घडलं असेल.

हे सगळं मी लिहून पाठवलं. भावानं फोन केला. म्हणाला, ताई, हे लावलं तर आपल्याला खुरप्यांच्या स्टॉलवर बसवतील. पुण्याच्या मुलीचं मत त्याहून सौम्य होतं. तिला यातली 'एनर्जी' आवडली, पण 'व्हिजन' दिसत नव्हतं. मग तिनं स्वतः इतिहास केला. 'शस्त्रशाळेपासून स्वरशाळेपर्यंत' असं त्याचं नाव. त्यात आमचे पूर्वज गडावर तलवारी घडवत होते. तलवारी म्यान झाल्यावर त्यांनी त्याच पोलादातून नाद घडवायचं व्रत घेतलं, आणि चंद्रकोर ही त्या व्रताची खूण. सोनेरी चंद्रकोर, खाली लाल टिंब, मागं किल्ल्याची तटबंदी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी भावाला म्हटलं, आपल्या आज्जानं तलवार बघितली असेल ती तमाशात, लाकडाची. तो म्हणाला, तुला माहीत आहे, संस्थेला कुठं माहीत आहे?

संस्थेला खरंच माहीत नव्हतं. अर्ज मंजूर झाला, तोही फोन करून, आदरानं.

भावानं इतिहासाचा कागद आबांना दाखवला तेव्हा मी तिथं होते. आबांनी तो सावकाश, ओठ हलवत वाचला. मग विचारलं, "ह्यात माझा बा कुठाय?"

भाऊ म्हणाला, ते 'परंपरा' या शब्दात आले.

मला वाटलं, आता आबा कागद भट्टीत टाकतील. टाकावा असं मला फार वाटत होतं. त्यांनी तो घडी घालून भावाकडं परत दिला आणि पांढऱ्या गादीवर बसायचं तर धोतर की पायजमा, एवढं विचारलं. मला त्यांचा राग आला आणि त्याच दमात दयाही आली. ज्या बापाच्या विळ्यावर अख्खं घर उभं राहिलं, तो बाप त्यांनी त्या गादीसाठी सोडून दिला होता. किती हवी असेल ती गादी माणसाला!

प्रदर्शनाला मीही गेले, रजा टाकून. आबांना जागा मिळाली होती एका तंबोरेवाल्यांच्या शेजारी. माणूस सज्जन. त्यानं आबांना पान दिलं, लोखंड कुठलं वापरता विचारलं, आणि चकती हातात घेऊन नखानं वाजवूनही बघितली. आबा असे खुलले, की माझ्या लग्नातही तसे खुलले नव्हते. मागं फ्लेक्सवर तटबंदी आणि चंद्रकोर. तिच्याकडं त्यांनी पाठ केली होती, आणि दिवसभरात एकदाही वळून बघितलं नाही.

दुपारी प्रत्येक वाद्यकारानं मंचावर येऊन आपलं वाद्य थोडा वेळ ऐकवायचं असा कार्यक्रम होता. सतारवाल्यांनी चार सूर छेडले, सभागृहानं माना डोलावल्या. पेटीवाल्यांनी एक भजन घेतलं. प्रत्येक वेळी लोक डोळे मिटायचे. आपल्याकडं डोळे मिटले की ऐकलं असं धरतात. आबांचं नाव पुकारलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर मंचाच्या पायरीपर्यंत गेले. निवेदकानं त्यांना गादी दाखवली आणि बसायला सांगितलं. आबा म्हणाले, लेझीम बसून वाजत न्हाई, पाय पडल्याशिवाय हिचा आवाज सुटत न्हाई. निवेदक हसून म्हणाला की बैठकीचा कार्यक्रम आहे, पण बरं, तुम्ही उभ्यानं करा.

करा म्हणाला. वाजवा म्हणाला नाही. हे माझ्या लक्षात आलं ते नंतर.

आबा गादीच्या कडेला उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, डावा गुडघा कायमचा धरलेला. त्यांनी लेझीम आधी नुसती छातीशी धरली आणि सभागृह शांत व्हायची वाट बघितली. मग एक पाऊल पुढं, एक मागं, खाली वाकून, उठून, वळून. माझा जीव त्या गुडघ्यात अडकला होता. आता कळ येईल, आता तोल जाईल, मंचाला कठडा नाही, कुठल्या गाढवानं ही सजावटीची वायर मधूनच नेली आहे, असं सगळं माझ्या डोक्यात चाललेलं. आबा मात्र हळूहळू आपल्यातच गेले. त्यांनी डोळे मिटले होते. सभागृहात त्या वेळी डोळे मिटलेला तो एकटाच माणूस असावा. बाकी सगळे टक लावून बघत होते. फोन वर झाले होते. मागून कुणीतरी शिट्टी मारली. शेवटचा झटका देऊन आबा थांबले आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तसा सतारवाल्यांनाही मिळाला नव्हता.

निवेदक माईक घेऊन धावला. म्हणाला, "काय ही तब्येत! काय ही लवचिकता! तरुणांनो, जिम सोडा आणि लेझीम धरा. आजोबा, या वयात एवढ्या फिटनेसचं रहस्य काय?"

आबांनी लेझीम खाली केली. मला वाटतं, तो आवाजाबद्दल काहीतरी विचारेल म्हणून त्यांनी उत्तर जुळवून ठेवलं होतं. दम लागलेला होता. ते म्हणाले, "रहस्य कसलं? भाकरी."

सभागृह हसून लोटपोट. अध्यक्षांनी शाल घातली आणि भाषणात सांगितलं की शाळाशाळांतून असा व्यायाम पुन्हा सुरू झाला पाहिजे. खाली उतरल्यावर एका शिक्षणसंस्थेच्या माणसानं भावाला गाठलं आणि त्यांच्या सगळ्या शाळांसाठी लेझमी मागितल्या. शाळांच्या क्रीडा विभागाकरता. भावाचे पाय जमिनीवर नव्हते.

परतताना भाऊ गाडी चालवत होता आणि व्हिडिओ किती जणांनी बघितला ते दर सिग्नलला सांगत होता. ऊन अजून बरंच होतं. विट्याच्या अलीकडं चहाला थांबलो. भाऊ फोन घेऊन लांब गेला. मी आणि आबा बाकावर. त्यांच्या खांद्यावर अजून शाल होती, उकडत असूनही.

ते म्हणाले, "पोरी, मधी एकदा मी हात वर नेऊन नुस्ता थरथरवला. तवा बारका आवाज आला. त्यो लागला का बरोबर?"

मी काहीही म्हणू शकले असते. 'लागला' म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? पण इतका खोटा इतिहास त्यांच्या पाठीमागं लावून आम्ही दिवसभर बसलो होतो, आणखी एक खोटं माझ्यानं होईना. मी म्हणाले, "आबा, मी तुमच्या गुडघ्याकडं बघत होते."

आबांनी चहाचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे तूबी."

रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते नुसतं न ऐकणारे मोजल्यासारखं म्हणाले, साहेब, पालक, निवेदक, अध्यक्ष, आणि त्यात मी. मला रडू फुटलं, आणि तेही चहावाल्यासमोर, ज्याला मी नुकतंच पाणचट चहावरून झापलं होतं. आबांनी शालीचं टोक माझ्याकडं सरकवलं. म्हणाले, तुझा काय दोष त्यात? पोटची पोर बापाच्या गुडघ्याकडंच बघणार. चुकलं माझंच. त्यो बस म्हणत हुता तवा गादीवर बसायला पायजे हुतं. बसून वाजवलं असतं तर लोकांनी निदान ऐकलं तरी असतं.

"पण ती बसून वाजत नाही ना, आबा."

"न्हाई वाजत," आबा म्हणाले, आणि चहा प्यायले.